वरच्याचा हक्क आणि टेलचं पाणी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. श्योपूरकडे चंबळच्या उजव्या कालव्याच्या एका मायनरवर (लहान उपकालव्यावर) तुम्ही जल उपभोक्ता संथेचं, म्हणजे पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेचं, काम पाहता. हेडच्या, म्हणजे वरच्या टोकाच्या, गावांत मुस्लिम शेतकरी बरेच आहेत, टेलकडे, म्हणजे शेवटच्या टोकाला, सगळ्या जातीधर्मांचे. पलेव्याच्या (पेरणीआधीच्या भिजवणीच्या) दिवसांत टेलपर्यंत पाणी पोचत नाही आणि दरवर्षी भांडण होतं. गेल्या बैठकीत हेडकडचे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, ‘हदीसमध्येच (प्रेषित मुहम्मदांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत) आहे, वरच्याचं शेत आधी भिजायचं, मग खालच्याचं.’ तुम्ही विचारलंय की हे खरं आहे का. आणि खरं असेल, तर इस्लामी तत्त्वांनी पाण्याचे तंटे सुटतात असं जे म्हणतात ते कशाच्या जोरावर? राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्यातल्या मोठ्या तंट्यालाही ती तत्त्वं लावता येतील का?

मी ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात राहतो. नोकरी चंबळच्या नहरांवर झाली. निवृत्तीनंतर गावागावांतल्या पाण्याच्या तंट्यांत मध्यस्थ म्हणून बसतो. फिक्ह, म्हणजे इस्लामी विधिशास्त्र, मी मदरशात शिकलेलो नाही. इथल्याच एका जाणत्या मौलवींजवळ बसून पाण्यापुरतं नीट समजून घेतलं, कारण कामात ते वारंवार समोर येत होतं. तेव्हा हे उत्तर कालव्यावरच्या माणसाचं आहे. याला फतवा समजू नका.

ते गृहस्थ खोटं बोलले नाहीत. पण त्यांनी सांगितला तो नियम ज्या पाण्यासाठी आहे, ते पाणी तुमच्या मायनरमधलं नव्हे.

मूळ प्रसंग असा. मदिनेजवळ हर्रा नावाचं काळ्या दगडांचं माळरान आहे. पाऊस पडला की तिथून ओहोळ उतरायचे आणि खजुरीच्या बागा भिजायच्या. झुबैर इब्न अव्वाम यांची बाग वरच्या अंगाला होती, एका मदिनेकर शेजाऱ्याची खाली. शेजारी म्हणाला, पाणी अडवू नका, वाहतं ठेवा. तंटा प्रेषितांकडे गेला. त्यांनी सांगितलं, ‘झुबैर, तू पाणी घे आणि मग शेजाऱ्याकडे सोड.’ शेजारी चिडला आणि तोंडावरच म्हणाला, तो तुमचा आतेभाऊ आहे म्हणून ना! (झुबैर हे प्रेषितांच्या आत्याचे, सफियांचे, चिरंजीव होते.) त्यावर दुसरा निर्णय आला: ‘झुबैर, पाणी घे, आणि बांधाच्या भिंतीला लागेपर्यंत अडवून धर.’ पुढे लोकांनी हे मोजून पाहिलं तर ते पायाच्या घोट्याएवढं भरलं. महझूर आणि मुझैनिब या मदिनेच्या दोन ओढ्यांबद्दलही हाच नियम सांगितला जातो: वरच्याने घोट्यापर्यंत घ्यावं आणि खालच्याला सोडावं.

बैठकीत ‘वरच्याचा हक्क आधी’ एवढंच सांगितलं जातं आणि घोटा सोडून दिला जातो. पण सगळा न्याय त्या घोट्यात आहे. वरच्याला पहिला क्रम दिला, आणि त्याच वाक्यात त्याच्या हक्काला कमाल मर्यादाही घातली. त्याचं शेत वर आहे हे त्याचं नशीब, ते कोणी काढून घेत नाही; पण गरज भागली की त्याच क्षणी दार उघडणं हे त्याच्यावर बंधन आहे. ती मर्यादा पाण्याच्या प्रवाहावर ठरत नाही, शेतातल्या उभ्या पाण्यावर ठरते. म्हणजे ‘नहरीत पाणी आहे तोवर माझा कुलाबा (शेताकडे पाणी सोडणारं दार) उघडा’ या म्हणण्याला या हदीसचा आधार मिळत नाही, उलट ती त्याच्या विरुद्ध जाते. जुने विधिपंडित अल-मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी तर पुढे जाऊन सांगितलं की घोटा हे सगळीकडचं माप नाही. जमीन कशी आहे, पीक कोणतं, हंगाम कोणता, यावर ते बदलेल. आपल्या भाषेत सांगायचं तर पिकाची पाण्याची गरज काढा आणि तेवढंच द्या. मोहरीच्या पलेव्याला लागणारं पाणी आणि गव्हाच्या पाळ्यांचं पाणी वेगवेगळं धरा. हेडच्या शेतकऱ्याने कालव्याच्या भरवशावर भात घेतला असेल, तर त्या भाताचं पाणी त्याचा हक्क ठरतो का, हा प्रश्न मग सगळ्यांसमोर उघडपणे विचारता येतो.

आता तुमच्या मायनरकडे येतो. हर्राचं पाणी हे डोंगरावरून आपोआप येणारं पाणी होतं. ते कोणी आणलं नव्हतं. तुमचा कालवा माणसांनी खणलेला आहे, सामाईक पैशातून, आणि त्याचा आराखडाच मुळी टेलपर्यंतच्या जमिनीसाठी काढलेला आहे. हनफी मजहबात (इमाम अबू हनीफांच्या विधिपरंपरेत), आणि हिंदुस्तानातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफीच आहेत, अशा सामाईक पाटाचे नियम वेगळे आहेत. पाटावरचे सगळे शेतकरी भागीदार मानले जातात. भागीदारांच्या संमतीशिवाय वरच्याने पाटात आडबांध घालून पाणी तुंबवायचं नाही, मग त्याच्याशिवाय त्याचं शेत पुरतं भिजत नसलं तरीही. त्याला त्याच्या वाट्यापुरतंच मिळेल. कोणाचा वाटा किती यावर वाद झाला आणि जुना पुरावा नसेल, तर जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे वाटप. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रेषितांचे सहकारी अब्दुल्ला इब्न मसऊद यांचं एक वचन हनफी पंडित या प्रकरणात पुढे ठेवतात. त्याचा आशय असा: पाटाच्या खालच्या अंगाचे लोक वरच्या अंगाच्या लोकांवर अमीर, म्हणजे हुकूम चालवणारे, आहेत, त्यांचं भिजणं पुरं होईपर्यंत.

टेलचा माणूस अमीर! चंबळच्या कालव्यावर इतकी वर्षं मी टेलच्या माणसाला अर्ज हातात घेऊन उपयंत्र्याच्या दारात उभा असलेलाच पाहिला. हे वचन पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मौलवींना ते पुन्हा सांगायला लावलं. यामागचा विचार इंजिनिअरलाही पटणारा आहे. वरच्या शेतकऱ्याला पाणी मिळण्याची हमी गुरुत्वाकर्षणच देतं, त्याला वेगळ्या संरक्षणाची गरज नाही. नियम लागतो तो खालच्यासाठी. म्हणून नियमाचं वजन खालच्या पारड्यात टाकलं.

तेव्हा त्या गृहस्थांना उत्तर द्यायचं असेल तर एवढंच द्या: तुम्ही सांगितलेली हदीस खरी आहे, तिच्यातला घोटाही खरा आहे, आणि आपला कालवा ओहोळ नसून सामाईक पाट आहे, तर त्याबद्दल इमाम अबू हनीफांच्या परंपरेत काय म्हटलंय तेही आपण मौलवीसाहेबांना विचारू या. त्यांना खोटं पाडू नका. अर्धा नियम कोणी आणला, तर उरलेला अर्धा आपण आणून द्यायचा, एवढंच मध्यस्थाचं काम.

झुबैरांच्या त्या प्रसंगातून मध्यस्थाने आणखी एक गोष्ट शिकावी. पहिला निर्णय आणि दुसरा निर्णय यात फरक का होता? जुन्या भाष्यकारांनी याचं उत्तर दिलंय. पहिला निर्णय हा समेट होता, म्हणजे सुलह: झुबैरांनी आपल्या पूर्ण हक्कापेक्षा थोडं कमी घ्यावं, शेजाऱ्याला लवकर सोडावं. शेजाऱ्याने तो झिडकारला, तेव्हा दुसऱ्यांदा कायद्याप्रमाणे पूर्ण हक्क दिला गेला. मी बैठकीत जाताना नेहमी दोन तक्ते करून नेतो, ते यावरूनच. एका तक्त्यात प्रत्येक कुलाब्याचा क्षेत्रानुसार पूर्ण हक्क, तासांमध्ये. दुसऱ्यात समेटाचा प्रस्ताव, ज्यात दोघांनीही काही सोडलेलं असतं. पहिला तक्ता नसेल तर समेट म्हणजे जोरदार माणसाने कमजोराकडून काढून घेतलेली सवलत ठरते. आपला हक्क किती होता हेच ज्याला ठाऊक नाही, तो काय सोडतोय हे त्याला कसं कळणार? इस्लामी परंपरेत सुलहला मोठा मान आहे, ‘समेट उत्तम’ असं कुराणात म्हटलंय. पण हरामला हलाल करणारा किंवा हलालला हराम करणारा समेट चालत नाही, ही अटही बरोबरच आहे. तहानेलेल्याचं पाणी तोडून केलेला समेट टिकवायचा नसतो.

इथून मी त्या मुद्द्याकडे येतो जो खरं तर कोणत्याही बैठकीत सगळ्यात आधी घ्यावा. फिक्हमध्ये पाण्याचे दोन हक्क वेगळे धरतात. एक पिण्याचा, माणसांचा आणि जनावरांचा. दुसरा शेतीचा. पहिला सगळ्यांचा आहे. खाजगी विहिरीवर किंवा दुसऱ्यांच्या पाटावरसुद्धा तहानेलेल्याला आणि त्याच्या जनावराला पाणी नाकारता येत नाही. हनफी ग्रंथांत तर तहानेने जीव जायची वेळ आली आणि विहिरीचा मालक अडवत असेल, तर लढून पाणी घ्यायची मुभा आहे. वाटसरूला उरलेलं पाणी नाकारणारा माणूस कयामतच्या दिवशी अल्लाहच्या नजरेतून उतरलेल्या तिघांपैकी एक असेल, असं हदीस सांगते. आणि ‘पाणी, चारा आणि आग या तिन्हींत लोक भागीदार आहेत’ ही हदीस तर एकोणिसाव्या शतकात उस्मानी साम्राज्याने आपला दिवाणी कायदा लिहिला तेव्हा त्यात थेट कलम म्हणून आली.

आपल्याकडे याला निस्तार म्हणतात. गावाचं तळं, हौद, गुरांचं पाणी. मी बैठक सुरू करतो ती निस्तारापासून. हेड आणि टेल दोन्हीकडच्या गावांची निस्तारी तळी कालव्याच्या पाण्याने कधी आणि किती भरायची, हे पहिल्या तासात ठरवून कागदावर घ्यायचं आणि त्या पाण्याला पुढच्या वादातून बाहेर काढायचं. याला विरोध करणारा माणूस मला अजून भेटला नाही. शेतीच्या पाण्यावरून लाठ्या काढणारे लोक गुरांच्या पाण्यावर एका वाक्यात एकमत होतात. आणि एकदा एका गोष्टीवर सह्या झाल्या की दुसऱ्या गोष्टीवर बोलणं सोपं जातं. बायकांना या भागात जरूर बोलवा. तळं कधी आटतं हे त्यांना जेवढं ठाऊक असतं तेवढं संथेच्या अध्यक्षाला नसतं.

ग्वाल्हेर शहरालाही हे लागू आहे. आमचं पिण्याचं पाणी तिघरा धरणातून येतं. पावसाने ओढ दिली की ककेटो आणि पेहसारी या वरच्या धरणांतून तिघऱ्यात पाणी आणावं लागतं आणि मग शहर विरुद्ध शेतकरी असा प्रश्न उभा राहतो. पिण्याचा हक्क पहिला, यात शंका नाही. पण तो पिण्याचाच. लॉनचा, मोटारी धुण्याचा, गळक्या पाइपांचा तो हक्क नव्हे. वाहत्या नदीकाठी वजू (नमाजाआधी हातपाय धुणं) करतानाही पाणी वाया घालवू नका असं सांगणारी परंपरा शहराला ‘पिण्याचं पाणी’ या नावाखाली वाटेल तेवढं उचलू देणार नाही. शहराने आपली गळती आधी थांबवावी आणि मग शेतकऱ्याकडे मागावं, हा क्रम मला न्याय्य वाटतो.

पाळीबद्दल. कुराणात समूद लोकांची आणि सालेह पैगंबरांच्या उंटिणीची गोष्ट आहे. तिथे सांगितलंय की एक दिवस पाणी पिण्याची पाळी उंटिणीची आणि एक ठरलेला दिवस तुमचा. पाणी त्यांच्यात वाटलेलं आहे आणि ज्याची पाळी त्याने हजर व्हावं. त्या लोकांनी उंटिणीला मारलं आणि त्यांचा नाश झाला. मला यात दोन गोष्टी दिसतात: पाळीचा दिवस आधीपासून जाहीर आहे, आणि जिला बोलता येत नाही तिचीही पाळी पाळायची आहे. आपला ओसरा, म्हणजे पाण्याच्या पाळ्यांची व्यवस्था, हेच तर आहे. पण आपला ओसरा अमीनच्या (कालव्यावरच्या कारकुनाच्या) रजिस्टरमध्ये असतो, गावाला पाठ नसतो. ओमानमधले फलज पाहा. जमिनीखालून आणलेले हे पाट, त्यांतल्या पाचांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. तिथे पाण्याचा वाटा वेळेत मोजतात. परंपरेने दिवसा सावलीच्या घड्याळावर आणि रात्री ताऱ्यांवर. गावातल्या कोणालाही उठून पाहता येतं की आत्ता कोणाची पाळी चालू आहे. फलज अल-खतमैनचं पाणी तर तीन सारख्या पाटांत विभागलेलं आहे, कोणी डोळ्यांनी पाहून खात्री करावी. आपल्याकडे खानदेशातल्या पांझरेच्या काठी फड पद्धत चालायची, तिथेही पाटकरी ठरलेला आणि पाळी सगळ्यांना ठाऊक. वाटप लपलेलं असलं की संशय येतो, आणि चंबळच्या कालव्यावरची अर्धी भांडणं पाण्याची नसून संशयाची आहेत.

मापाचंही तेच. ‘घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना मापात मारणारे’ यांच्यावर कुराणात एक सूराच (अध्यायच) सुरू होतो. मायनरच्या हेडवर गेज (पाणी मोजायची पट्टी) आहे पण टेलवर नाही, अशी आपली बहुतेक ठिकाणची स्थिती. मग हेडचा म्हणतो पाणी सोडलं, टेलचा म्हणतो आलं नाही, आणि दोघेही खरं बोलत असतात. मधे फोडलेले कुलाबे, झाडाझुडपांनी भरलेला पाट आणि रात्रीचे पंप असतात.

झुडपांवरून आठवलं. पाटाची सफाई कोणी करायची यावर हनफी इमामांमध्ये मतभेद आहे आणि तो तुमच्या उपयोगाचा आहे. अबू हनीफांचं म्हणणं: सफाई वरून सुरू करावी, सगळ्यांनी मिळून, काम ज्याच्या शेताच्या पुढे गेलं तो मोकळा. त्यामुळे टेलच्या माणसावर शेवटपर्यंतचा खर्च पडतो. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ, जे हारून अल-रशीदच्या काळात मुख्य काझी होते, आणि दुसरे शिष्य इमाम मुहम्मद म्हणाले की नाही, वरपासून खालपर्यंतचा सगळा खर्च सगळ्यांनी आपापल्या वाट्याप्रमाणे द्यावा, कारण वरच्याचं जादा पाणी खालीच वाहून जायचं असतं, खालचा पाट तुंबला तर वरच्याचंही नुकसान. माझं मत शिष्यांकडे झुकतं. राजस्थानात कोटा शहराच्या बाजूला हेडच्या जमिनी पाणी साचून बिघडल्या, तिथे जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घालण्यासाठी १९९० च्या दशकात कॅनडाच्या मदतीने प्रकल्प चालवावा लागला. वरच्याने जास्त घेतलं की तो स्वतःचीच जमीन मारतो, हे चंबळने दाखवून दिलंय. ‘स्वतः नुकसान सोसू नये, दुसऱ्याचं करू नये’ ही हदीस फिक्हचा पाया आहे, आणि कालव्यावर तिचे दोन्ही भाग एकाच शेतात दिसतात.

बोअरचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येईलच. विहिरीभोवती संरक्षित अंतर ठेवायचा, तिथे दुसऱ्याने खोदायचं नाही, हा नियम परंपरेत आहे. गुरांना पाणी पाजायच्या विहिरीसाठी चाळीस हात असं माप सांगितलं जातं. ते अंतर हाताने खणलेल्या विहिरींचं आहे. खोल बोअरला ते पुरत नाही. तत्त्व घ्या, आकडा भूजलवाल्यांकडून घ्या.

आता मोठा तंटा. चंबळ प्रकल्पाचं पाणी आणि वीज राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्यात निम्मं-निम्मं ठरलेलं आहे. गांधीसागर धरण मध्य प्रदेशात. राणा प्रताप सागर, जवाहर सागर आणि कोटा बॅरेज राजस्थानात. उजवा मुख्य कालवा कोट्यापासून आधी राजस्थानातून जातो आणि पार्वती नदीवरच्या जलसेतूनंतर आपल्याकडे येतो. त्या जागी मध्य प्रदेशाला ३९०० क्युसेक मिळायचे असतात. श्योपूर, मुरैना, भिंड ही सगळी त्या अर्थाने टेल. म्हणजे तुमच्या मायनरवरचाच तंटा, फक्त गावांच्या जागी राज्यं.

इथे इस्लामी तत्त्वं लावता येतील का? थेट निवाडा म्हणून नाही. आंतरराज्य पाण्याला राज्यघटनेचं कलम २६२ आहे, १९५६ चा कायदा आहे, लवाद आहेत. नर्मदेचा लवाद १९६९ साली बसला आणि १९७९ साली त्याने २८ दशलक्ष एकर-फूट पाणी वाटलं: मध्य प्रदेश १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५०, महाराष्ट्र ०.२५. असं आकड्यांचं काम कोणतंही धर्मशास्त्र करून देत नाही. आणि तत्त्व एक असलं म्हणून तंटा मिटत नाही, हेही मान्य करायला हवं. युफ्रेटिसच्या काठी तुर्कस्तान, सीरिया, इराक, तिन्ही मुस्लिमबहुल देश. १९८७ साली तुर्कस्तानने सीरियाला वर्षाच्या सरासरीने सेकंदाला ५०० घनमीटर पाणी सोडायचं मान्य केलं, १९९० साली सीरिया आणि इराकने आपसांत ४२ आणि ५८ टक्के असं ठरवलं, आणि तिघांमध्ये मिळून कायमचा करार आजही नाही. हेल्मंद नदीवर अफगाणिस्तान आणि इराण यांचा १९७३ चा करार आहे, सेकंदाला २६ घनमीटरचा. तरी २०२३ साली सीमेवर गोळीबार झाला तेव्हा त्यामागे याच पाण्याचा ताण होता. वरच्या देशाला घोट्याची मर्यादा मान्य नसली, किंवा मापाची जागा दोघांच्या डोळ्यांसमोर नसली, की हदीस सगळ्यांना पाठ असूनही काही होत नाही.

तरी वाटाघाटीच्या टेबलावर ही तत्त्वं दोन जागी कामाला येतात असं मला वाटतं. एक, निम्मं-निम्मं हे वाटप चांगल्या वर्षाचं आहे. वाईट वर्षी तूट कोणी सोसायची हे आधी लिहिलेलं हवं, आणि तिथे पिण्याचं पाणी, मग उभं पीक वाचवण्याचं पाणी, मग बाकीचं, हा क्रम दोन्ही राज्यांनी सारखा पाळावा. पार्वती-कालीसिंध-चंबळ जोड प्रकल्पावर दोन्ही राज्यांचं अनेक वर्षं अडलं होतं, ते शंभरातल्या किती वर्षांत मिळणारं पाणी भरवशाचं धरायचं यावर; जानेवारी २०२४ मध्ये केंद्रासह समझोता झाला. पुढचे वाद तुटीच्या वर्षांचेच असतील. दुसरी जागा म्हणजे मोजणारा माणूस. ‘आतेभाऊ म्हणून ना!’ हा आरोप साक्षात प्रेषितांवर झाला, मग आपल्यावर का होणार नाही? स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला अरबी राजवटीच्या काळापासून चालत आल्याचं मानलं जाणारं पाण्याचं न्यायमंडळ अजून दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात बसतं. कज्जे तोंडी चालतात, निवडून दिलेले शेतकरीच न्याय देतात, आणि ज्या कालव्यावरचा माणूस आरोपी आहे त्या कालव्याचा प्रतिनिधी निवाड्यात भाग घेत नाही. २००९ साली युनेस्कोने त्याचीही दखल घेतली. पार्वती जलसेतूवर दोन्ही राज्यांचे लोक एकत्र उभे राहून रोज मोजतील आणि आकडा त्याच दिवशी जाहीर होईल, तर निम्मी पत्रापत्री बंद होईल.

शेवटी बोलण्याच्या पद्धतीबद्दल, कारण इथे चूक झाली तर सगळं बिघडतं. हेडच्या मुस्लिम शेतकऱ्यांना ‘तुमच्याच धर्मात असं आहे’ असं कधीही म्हणू नका. ते टोमण्यासारखं लागतं, आणि टेलच्या एखाद्याने तेच वाक्य उचललं की पाण्याचा तंटा दुसऱ्याच वाटेला जातो. या दिवसांत ती वाट फार जवळ आहे. नियम सगळ्यांना एकच सांगा: निस्तार आधी, वाटा क्षेत्राप्रमाणे, गरज भागली की आपला कुलाबा बंद, मोजणी उघड्यावर. तो कुठून आला हे ज्याला सांगावंसं वाटेल तो आपणहून सांगेल. मौलवीसाहेबांना बोलवायचं असेल तर दोन्ही गावांच्या संमतीने, आणि टेलकडचे पटेल किंवा मंदिराचे महंतही सोबत असू देत; पण निवाडा त्यांच्याकडे देऊ नका. सल्ला त्यांचा, सह्या शेतकऱ्यांच्या. आपल्या गावाला हे परकं नाही. महादजी शिंदे बीडच्या मन्सूर शाहांना गुरू मानत, आणि लष्कर भागातल्या मराठी घरांत त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. चांगली शिकवण कोणाकडूनही घ्यायची सवय इथल्या मराठी माणसाला जुनी आहे.

तर पलेव्याचं पाणी सुटायच्या आधी एवढं करून घ्या. दोन्ही टोकांकडची दोन-दोन माणसं घेऊन मायनर हेडपासून टेलपर्यंत पायी चाला. प्रत्येक कुलाब्याचं माप, त्याखालचं क्षेत्र, फोडलेल्या जागा, पंप, सगळं एकाच रजिस्टरात चौघांच्या सह्यांनी लिहा. टेलवर साधी गेजपट्टी बसवा. निस्तारी तळ्यांची यादी वेगळी काढा. सफाईचा खर्च क्षेत्राप्रमाणे वाटण्याचा ठराव संथेत आधी घ्या, ओसऱ्याचा नंतर. आकडे हाती आले की मला पाठवा. पूर्ण हक्काचा तक्ता आपण दोघं मिळून काढू, समेटाचा मात्र त्या चौघांनाच मांडू द्या.